माया न सोडलेली गोधडी

माझे ६,७०० रुपये गेले, पण हे लिहायला बसले ते त्या पैशांसाठी नाही. आजीचं हिरवं लुगडं मी माझ्याच कात्रीने कापलं आणि आता ते जोडलं जात नाही, म्हणून लिहिते आहे. घरातल्या जुन्या कपड्यांचं गाठोडं उघडून मोबाइलवर कुणाकडून तरी त्याचं ‘डिजिटल डिझाइन’ करून घ्यायचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी हे कात्री हातात घेण्याआधी वाचावं.

आमची खोली परळची, चाळीतली. आजोबा मिलमध्ये होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर आजीसाठी नवं लुगडं आलं नाही. हे हिरवं त्याच्या आदल्या दिवाळीचं. तिने ते वर्षानुवर्षं सणालाच नेसलं, मग घरात, आणि शेवटी विरलेला भाग काढून टाकून उरलेलं घडी घालून ठेवलं. आईने त्यात स्वतःच्या परकर-पोलक्याचे खण ठेवले, मी माझ्या मुलीची झबली. असं ते गाठोडं तीन पिढ्यांचं झालं.

गोधडी मला शिवता येते. आजी शिवायची तशी, खाली जुन्या साड्यांचे थर, वर ठिगळं, कडा आत दुमडून धावदोरा. पण या वेळी मला चौकोन-त्रिकोण जोडून, मध्ये चांदण्या असलेली गोधडी हवी होती. त्यासाठी आधी सगळे तुकडे जमिनीवर मांडून, लांबून बघून हलवावे लागतात. पाच फूट बाय सहा फुटांची मांडणी आमच्या खोलीत पसरली तर घरातल्यांनी पाय कुठे ठेवायचा? अंथरायचं आणि जेवायच्या वेळी उचलायचं, असं दोनदा केलं. दोन्ही वेळा क्रम विसरले. त्यामुळे हे सगळं पडद्यावर मांडता येतं असं कळलं तेव्हा मला खरंच मोकळं वाटलं. मुंबईत जागा नसलेल्या बाईला कॉम्प्युटर जागा देतो, हे मी आजही मनापासून मानते. माझा राग त्या साधनांवर नाहीच.

गणपतीच्या आधी एका जाहिरातीवर माझी नजर पडली. ‘तुमच्या घरातल्या तुकड्यांचे फोटो पाठवा, आमचं सॉफ्टवेअर तुमच्याच कापडांची गोधडी डिझाइन करून देईल. सोबत कापणीचा तक्ता.’ किंमत २,२०० रुपये. खाली अप्रतिम गोधड्यांचे फोटो. मी विचारलं, तर लगेच उत्तर आलं, ‘ताई, फक्त फोटो पाठवा, बाकी आमच्यावर सोडा.’ मी २३ कापडांचे फोटो पाठवले.

इथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्या जाहिरातवाल्याने एकदाही विचारलं नाही की कुठलं कापड किती आहे. उरल्यासुरल्या तुकड्यांच्या गोधडीत पहिला प्रश्न हाच असतो. दुकानातून थान आणलं असेल तर कमी पडल्यावर मंगलदास मार्केटला परत जाता येतं. आजीचं लुगडं कुठून आणणार? फोटोत हातभर चिंधी आणि चार मीटर कापड सारखंच दिसतं. ज्याला खरंच मांडणी करायची आहे तो लांबी विचारेल, पन्हा म्हणजे रुंदी विचारेल, कुठे विरलंय, कुठे डाग आहे ते विचारेल. या माणसाने विचारला तो फक्त पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट.

दोन दिवसांत चित्र आलं. ते बघून आईच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मला सांगायलाच हवं, कारण त्या चित्राची ताकद तीच होती. आजीचं हिरवं, खणाचा मरून, झबल्यांचं फिकट पिवळं, आणि त्यात चांदण्या. सोबत एक पानाचा तक्ता: १२ इंचांचे ३० ठोकळे (तुकडे जोडून केलेले मोठे चौकोन), पाच रांगा उभ्या, सहा आडव्या, एकूण ६० बाय ७२ इंच. निम्मे ठोकळे नुसत्या नऊ चौकोनांचे, निम्मे चांदणीचे. ‘प्रत्येक चौकोन ४ इंच कापा. त्रिकोणांसाठी ४ इंचांचा चौकोन दोन्ही कर्णांवर कापा.’

बारा भागिले तीन बरोबर चार. गणित इतकं सरळ दिसलं की मी पुन्हा पाहिलं नाही. ब्लाऊज शिवताना मी शिवणीला माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, सोडल्याशिवाय कधी कात्री लावत नाही, पण हा तक्ता सॉफ्टवेअरने काढलेला आहे म्हटल्यावर ती त्यात धरलेलीच असणार असं मी गृहीत धरलं. मी विचारलंही होतं. ‘ताई, सॉफ्टवेअरच आहे, त्यात चूक होत नाही,’ असं त्याचं उत्तर होतं.

आजीच्या लुगड्याचा चांगला भाग पाऊण मीटर होता, पन्हा ४५ इंच. तक्ता त्यातून ९६ चौकोन मागत होता. माझे ७७ निघाले. मला वाटलं, माझंच मोजमाप चुकलं. उरलेले दुसऱ्या हिरव्या साडीतून भरून काढले. खणांचे ६० चौकोन कापून २४० त्रिकोण केले. चार रात्री लागल्या.

पहिला साधा ठोकळा शिवला तो तयार मापात साडेदहा इंचांचाच बसत होता. मनात पाल चुकचुकली. तरी म्हटलं, सगळेच तेवढे होणार असतील तर गोधडी थोडी लहान होईल, एवढंच. मग चांदणीचा ठोकळा घेतला, आणि तिथे काहीच जुळेना.

हे थोडं सविस्तर सांगते, कारण फसवणूक नेमकी इथे पकडता येते. चांदणीच्या ठोकळ्यात नऊ घरं असतात. चार कोपरे आणि मधलं घर साधं, उरलेली चार घरं प्रत्येकी चार त्रिकोणांची. अशी आठ टोकांची चांदणी तयार होते. शिवणीत प्रत्येक बाजूला पाव इंच, म्हणजे दोन सूत, कापड जातं. म्हणून तयार घर ४ इंचांचं हवं असेल तर साधा चौकोन साडेचार इंचांचा कापायचा. चार त्रिकोणांच्या घरात मधल्या तिरक्या शिवणीही कापड खातात, म्हणून तिथे त्रिकोण सव्वापाच इंचांच्या चौकोनातून काढायचे. तयार मापात साध्या चौकोनाला अर्धा इंच आणि चार त्रिकोणांच्या घराला सव्वा इंच मिळवायचा, हा हिशेब ठरलेला आहे. माझ्या तक्त्यात दोन्हीकडे ४ इंच होते. त्यामुळे साधं घर साडेतीन इंचांचं झालं आणि त्रिकोणांचं पावणेतीन. शेजारशेजारच्या घरांत पाऊण इंचाचा फरक. ओढून, चुण्या घालून, कशानेही तो भरून निघत नाही.

मी तो ठोकळा घेऊन दादरला, माझे ब्लाऊज पूर्वी ज्यांच्याकडे शिवायचे त्या मास्तरांकडे गेले. त्यांनी टेप लावली आणि एकच विचारलं, ‘माया कुठे सोडलीय?’ मी गप्प उभी राहिले. मग त्यांनी मोबाइलवरचं चित्र मोठं करून मला काही गोष्टी दाखवल्या. लुगड्याचा काठ एका चौकोनातून शिवण ओलांडून दुसऱ्या चौकोनात तसाच, न तुटता गेलेला. कापून जोडलेल्या तुकड्यांत असं होऊच शकत नाही. खालच्या रांगेत ठोकळे पाच, वरच्या रांगेत मोजले तर साडेपाच. शिवण मध्येच सुरू होऊन मध्येच नाहीशी झालेली. ते डिझाइन नव्हतंच. माझ्या फोटोंवरून एआयकडून काढून घेतलेलं गोधडीसारखं दिसणारं एक चित्र होतं, आणि तक्ता त्याला मागून चिकटवलेला होता.

मी त्याला फोन केला तेव्हा तो जराही गडबडला नाही. त्याचा सूर दिलगिरीचाच होता. ‘ताई, तुमची कापणी मागेपुढे झाली असेल. तुम्ही सॉफ्टवेअरच घ्या ना, स्वतः मापं बदलता येतील. कंपनीचं महाग आहे, मी आयुष्यभराचं लायसन्स ४,५०० मध्ये देतो.’ त्याने सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं, ते खरंखुरं, गोधडीवाल्यांमध्ये जगभर नावाजलेलं आहे. कापलेले तुकडे कसेही करून वाचवायचे, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. मी पैसे पाठवले. या वेळी खातं वेगळ्याच नावाचं होतं. तेही मी ‘त्याच्या घरच्या कुणाचं असेल’ म्हणून सोडून दिलं.

लिंक आली, त्यासोबत सूचना: ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ ही ओळ दिसली की तिथेच थांबा. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून उतरवता येतं आणि लायसन्स तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर येतं. ते कुणी बंद-चालूच्या खटपटी करून बसवून द्यावं लागत नाही. माझं ते १९ दिवस चाललं, मग उघडेना. मुलीने कॉम्प्युटर पूर्ण पुसून नव्याने भरला, सगळे पासवर्ड बदलले. त्या दिवसापासून त्याने माझा नंबर ब्लॉक केला आहे.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी फोन केला तो त्यानंतर. त्यांनी तक्रार घेतली, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवून पावती क्रमांक दिला. पैसे गेल्यावर लगेच, त्याच तासाभरात कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते. मी तीन आठवड्यांहून जास्त उशीर केला होता. लाज वाटत होती, ‘एवढ्याशा रकमेसाठी पोलीस कशाला’ असंही घरात बोलणं झालं. तुम्ही असा उशीर करू नका. रक्कम लहान असली तरी त्याच खात्याविरुद्ध चार तक्रारी आल्या तर ती तपासणाऱ्याला दिसतात. बोलणं, पैसे पाठवल्याचे व्यवहार क्रमांक, त्याने पाठवलेली फाइल, यातलं काहीही पुसून टाकू नका. मी रागाने अर्धं संभाषण पुसलं होतं, ते नंतर फार नडलं.

डिझाइन मी आता स्वतःच करते, इंकस्केप या फुकट मिळणाऱ्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि मोजणी साध्या एक्सेलच्या तक्त्यात. आधी प्रत्येक तुकडा मोजते. त्या पाऊण मीटर लुगड्यातून साडेचार इंचांचे चौकोन किती निघाले असते? पन्ह्यात दहा, लांबीत सहा, म्हणजे साठ. तर आराखड्यात हिरवी घरं साठच्या वर जाताच कामा नयेत. मग दिवसाउजेडी फोटो, आणि त्याची काळी-पांढरी प्रत, कारण गोधडीत रंगापेक्षा गडद-फिकं महत्त्वाचं. हिरवं आणि मरून डोळ्याला वेगळे दिसतात, काळ्या-पांढऱ्यात एकच करडे होतात आणि चांदणी बुडून जाते. हे मला आधी कळलं असतं तर त्याच्या चित्रातली ती झळाळीही खोटी आहे हे ओळखता आलं असतं. कागदी साचा छापायचा असेल तर छपाई शंभर टक्के मापात ठेवून आधी एक इंचाचा चौकोन छापायचा आणि पट्टीने मोजायचा. पानात बसवून छापलं की माप बदलतं. आणि काहीही झालं तरी एक ठोकळा आधी जुन्या चादरीतून शिवून बघायचा. एक संध्याकाळ जाते. मी ती संध्याकाळ दिली असती तर आजीचं लुगडं अजून अखंड असतं.

दुसऱ्याकडून करून घ्यायचंच असेल तर त्याला त्याने शिवलेल्या गोधडीची मागची बाजू दाखवायला सांगा, आतल्या शिवणी दिसतील अशी. चित्राला मागची बाजू नसते. आणि तक्त्यात कापायचं माप आणि तयार माप ही दोन वेगळी मापं लिहिलेली आहेत का ते बघा.

ते ७७ हिरवे चौकोन आणि २४० त्रिकोण एका डब्यात आहेत. आई म्हणते, आजीच्या पद्धतीने जुन्या साडीवर ठिगळासारखे लाव, कडा दुमडून. तसं करता येईल. कडा दुमडल्यावर चौकोन आणखी लहान होईल आणि काठाची वेलबुट्टी आत जाईल, म्हणून मी अजून सुरुवात केलेली नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीने मला एक जाहिरात पाठवली. नाव नवीन, नंबर नवीन, किंमत आता २,५०० रुपये. नमुना म्हणून जे चित्र लावलंय ते माझ्या गोधडीचं आहे, आजीच्या लुगड्याच्या हिरव्या रंगासकट. ते तुमच्यासमोर आलं तर वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या चांदणीची टोकं मोजा. ती सात आहेत.