चक्कर कानातली: कण सरकलेत की मेनिअर?

अंथरुणात कूस बदलली की खोली गरगरते आणि मिनिटभरात थांबते? मग बहुधा बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की येणारी, जिवाला धोका नसलेली चक्कर. आंतरकर्णातल्या युट्रिकल या तोल सांभाळणाऱ्या पिशवीतले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुतेकदा मागच्या, शिरतात; डोकं हललं की आतला द्रव ढवळतात. ऐकू मात्र नीट येतं. एप्ली पद्धतीत डॉक्टर डोकं ठराविक कोनांत फिरवून कण परत युट्रिकलमध्ये आणतात. चकरेच्या गोळ्या महिनोन्‌महिने कशाला?

मेनिअर या आंतरकर्णाच्या आजाराचं तसं नाही. चक्कर २० मिनिटांपासून कित्येक तास. शिवाय त्या कानाला दडा बसतो, आत गुणगुण होते, ऐकू कमी येतं, कारण आंतरकर्णातला एंडोलिंफ हा द्रव ऐकण्याचं काम करणाऱ्या, गोगलगाईच्या शंखासारख्या कॉक्लियातही तुंबतो. फ्रेंच डॉक्टर प्रॉस्पर मेनिअर यांनी १८६१ मध्ये पॅरिसमध्ये अशी चक्कर मेंदूची नव्हे, कानाची असल्याचं मांडलं. यात श्रवणचाचणी हवीच. मीठही कमी करायला सांगतात.