सर्टिफाइड म्हणून विकलेले रायडिंग बूट: फसवणूक नेमकी कुठे होती

जाहिरातीत चार गोष्टी लिहिल्या होत्या: सीई सर्टिफाइड, घोट्याला हार्ड प्रोटेक्शन, शंभर टक्के चामडं आणि वॉटरप्रूफ. फोटोंमध्ये घोट्यावरची गोल काळी चकती दिसत होती, बुटाच्या जिभेवर छापलेलं सीईचं चिन्हही दिसत होतं. घेण्याआधी मी सर्टिफिकेट मागितलं. काही मिनिटांत पीडीएफ आली. शिक्का, सही, तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेचा चार आकडी क्रमांक, सगळं जागच्या जागी. इतकं मागून मिळाल्यावर माणूस आणखी काय बघणार?

पुढे जे कळलं ते लिहितोय, कारण अशाच पद्धतीने विकले जाणारे बूट अजूनही सर्रास दिसतात आणि त्यातली मेख फोटो बघून कळत नाही.

बूट उघडे पडले ते फार मोठ्या अपघातात नाही. चढावर वळताना गाडी जवळजवळ थांबली, तोल गेला आणि गाडी डाव्या पायावर आडवी झाली. वेग नव्हताच. अशा पडण्यात पाय जमीन आणि गाडी यांच्यामध्ये आडवा दाबला जातो, आणि तेव्हा बुटाचा तळ रुंदीच्या दिशेने किती ताठ आहे यावर पायाची हाडं अवलंबून असतात. माझ्या बुटाचा तळ मधोमध दुमडला. घोट्यावरची चकती निघून रस्त्यावर पडली आणि बाहेरच्या बाजूने तळ वरच्या भागापासून सुटला. हाड मोडलं नाही, पण घोट्याचे बंध चांगलेच दुखावले आणि बरेच दिवस पाय टेकता येत नव्हता.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘अपघातात बूट खराब होणारच, वापरलेला माल परत घेत नाही.’ मी म्हटलं, अपघातासाठीच तर घेतले होते. त्यावर उत्तर नाही.

मग घरी बसून ते चिन्ह नीट बघायला घेतलं. सीई हे अक्षरद्वय म्हणजे युरोपातल्या नियमांनुसार माल बनवल्याचा उत्पादकाचा दावा. दावा कोणत्या नियमानुसार आणि कोणत्या वापरासाठी, हे त्या दोन अक्षरांतून कळत नाही. खेळण्यांवरही सीई असतं, बागकामाच्या हातमोज्यांवरही असतं. मोटारसायकलच्या बुटांसाठीचं युरोपीय मानक आहे ईएन १३६३४. त्याप्रमाणे तपासलेल्या बुटाच्या आत, बहुधा जिभेवर, मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र असतं, मानकाचा क्रमांक आणि वर्ष असतं (२०१७ची आवृत्ती असेल तर ईएन १३६३४:२०१७), आणि त्याखाली आकडे असतात. २०१७च्या आवृत्तीत ते चार आहेत आणि प्रत्येक जागी १ किंवा २. पहिला आकडा बुटाच्या उंचीचा, दुसरा घासण्याला किती टिकतो याचा, तिसरा धारदार वस्तूने कापलं जाण्याला किती तोंड देतो याचा, चौथा त्या आडव्या दाबाचा. २ म्हणजे जास्त चांगला, आणि उंचीच्या बाबतीत २ म्हणजे उंच बूट. जुन्या आवृत्तीच्या बुटांवर उंचीचा आकडा नसतो, तीनच आकडे दिसतात, त्यामुळे तीन दिसले म्हणून लगेच नकली समजू नका.

माझ्या बुटांवर यातलं काहीही नव्हतं. नुसतं सीई, आणि बाजूला साइझ.

यातली एक गोष्ट मला स्वतःला नवीन होती. मानकात घोट्यावरच्या आघाताची चाचणी सक्तीची नाही. ती ऐच्छिक आहे, आणि केलेली असेल तर आकड्यांबरोबर आयपीए अशी अक्षरं येतात. नडगीसाठी आयपीएस, पाण्यासाठी डब्ल्यूआर. म्हणजे अगदी खरा, प्रमाणित बूट घेतला तरी आयपीए नसेल तर घोट्यावरच्या पॅडची आघाताची चाचणी झाली आहे असं त्या लेबलवरून म्हणता येत नाही. तसंच ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय आणि डब्ल्यूआर नाही, तर तो विक्रेत्याचा शब्द, प्रयोगशाळेचा नाही.

आता सर्टिफिकेट. इथे विक्रेत्याची करामत खरोखर पाहण्यासारखी होती. कागद बनावट नव्हता! त्यावरचा चार आकडी क्रमांक युरोपीय आयोगाच्या नँडो या यादीत शोधला तर प्रयोगशाळा खरी निघाली. ही यादी सगळ्यांना खुली आहे, आणि कोणती संस्था कशाची तपासणी करू शकते तेही तिथे दिसतं. मी त्या प्रयोगशाळेला सर्टिफिकेटचा क्रमांक कळवून ईमेल केली. उत्तर सरळ आलं: सर्टिफिकेट आमचंच आहे, पण दुसऱ्या उत्पादकाला दिलेलं आहे आणि कामाच्या ठिकाणी घालायच्या सेफ्टी शूजसाठी आहे. मॉडेलच्या रकान्यावर विक्रेत्याने पांढरी पट्टी चढवून स्वतःचं नाव टाकलं होतं. पीडीएफ मोठी करून बघितली तर त्या ओळीतला टाइप बाकीच्या कागदापेक्षा किंचित जाड दिसतो. मानकाचा क्रमांक मात्र त्याने बदलायचेही कष्ट घेतले नव्हते. तिथे स्वच्छ आयएसओ २०३४५, म्हणजे सेफ्टी शूजचं मानक, छापलेलं होतं.

२०३४५ हे मानक वाईट आहे असं अजिबात नाही. त्यातल्या बुटाच्या पुढच्या टोपीने २०० जूलचा आघात सोसायचा असतो, वरून जड वस्तू पायाच्या बोटांवर पडली तर बोटं वाचावीत म्हणून. पण गाडीवरून पडल्यावर पाय रस्त्यावर घासत जाणं, घोटा पिळवटणं, तळ आडवा चेपला जाणं, हे त्या मानकाचे विषयच नाहीत. कारखान्यातले बूट घालून गाडी चालवणारे पुष्कळ जण आहेत आणि कॅनव्हासच्या बुटांपेक्षा ते बरेच म्हणायचे. फक्त ते कुणी रायडिंग बूट म्हणून विकू नयेत. आणि माझे बूट तर तेही नव्हते. पुढे टोपीच्या नावाखाली पुठ्ठा निघाला.

सर्टिफिकेट बघताना तारखेकडेही लक्ष द्या. संरक्षक साधनांसाठीचा सध्याचा युरोपीय नियम २०१६/४२५ हा २१ एप्रिल २०१८पासून लागू आहे, आणि त्याखालचं सर्टिफिकेट जास्तीत जास्त ५ वर्षांसाठी वैध असतं. कागदावर जुन्या ८९/६८६ या निर्देशाचा उल्लेख असेल तर आज नव्याने बनलेल्या बुटांसाठी तो दाखवण्यात अर्थ नाही. शिवाय उत्पादकाने अनुरूपतेचं घोषणापत्र मालाबरोबर द्यायचं असतं, किंवा ते कुठे मिळेल तो इंटरनेटचा पत्ता तरी सूचनापत्रकात द्यायचा असतो. माझ्या खोक्यात सूचनापत्रकच नव्हतं. खोक्यात होता सिलिका जेलचा पुडा आणि एक स्टिकर.

एक सांगून ठेवतो. सीईच्या दोन अक्षरांमधलं अंतर मोजून असली-नकली ओळखण्याची युक्ती सगळीकडे फिरत असते. तिच्या नादी लागू नका. खोटं चिन्ह छापणाऱ्याला योग्य अंतराने छापायला जास्त पैसे पडत नाहीत.

विक्रेत्याने हात वर केल्यावर मी बूट कापले. (आधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढले. पैसे परत मागायचे असतील तर त्याआधी कात्री लावू नका.) घोट्यावरची चकती वरून डिंकाने चिकटवलेली, तिच्याखाली पातळ फोम, अंगठ्याने दाबला की पलीकडे बोट लागत होतं. टाचेला आधार द्यायला आत कडक वाटी असावी लागते, ती नव्हती. तळ ताठ ठेवणारी पट्टी मध्यात नव्हती, म्हणूनच तो बूट हातात धरून ओल्या फडक्यासारखा पिळता येत होता. शिलाई दिसत होती ती तळावर नुसती उठवलेली नक्षी, दोरा कुठेच आरपार गेला नव्हता. आणि ‘शंभर टक्के चामडं’ म्हणजे चामड्याच्या खालच्या थराचा पातळ पापुद्रा, वर प्लास्टिकचा जाड लेप. लेप सोलून काढला तर आत तंतू सुटलेले.

चामड्याचं मात्र आधीच कळू शकतं. युरोपात विकल्या जाणाऱ्या साध्या पादत्राणांवर १९९४पासून चित्रांचं लेबल ठरलेलं आहे. सोललेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, त्याच आकारात चौकट असेल तर लेप दिलेलं चामडं, नुसती चौकट म्हणजे इतर काहीतरी, विणलेली जाळी म्हणजे कापड. विक्रेत्याला लेबलचा फोटो मागा. माझ्या बुटांचं लेबल नंतर खोक्याच्या तळाशी सापडलं, त्यावर लेप दिलेल्या चामड्याचंच चित्र होतं. तिथे तो खरं बोलला होता.

दुकानात बूट हातात मिळत असेल तर दोन मिनिटांत बरंच कळतं. दोन्ही बाजूंनी तळ आडवा दाबा. टाच पकडून पुढचा भाग पिळा. पुढे बोटांपाशी तळ वाकायला हवा, मधोमध नाही. घोट्यावरचं पॅड आतून चाचपा आणि ते खरोखर घोट्याच्या हाडावर येतंय का बघा. बुटाचा नंबर बरोबर असूनही पॅड वर-खाली बसलेलं मी पाहिलंय. चेन आणि वेल्क्रो लावून कुणाला तरी टाच धरून जोरात ओढायला सांगा. निघाला तर रस्त्यावरही निघणार. नाडीचे बूट असतील तर नाडीची टोकं झाकणारी पट्टी हवी, नाहीतर ती गिअरच्या लिव्हरमध्ये अडकते. गाडीवर बसून गिअर टाकून बघा, कारण कितीही भारी बूट असला आणि गिअरखाली पाय जात नसेल तर तो दुसऱ्याच आठवड्यात घरी राहतो.

मोठ्या सवलतीत मिळणाऱ्या नव्या बुटांची एक वेगळीच भानगड आहे. पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, बूट न वापरता खोक्यात पडून असले तरीही. वर्षानुवर्षं गोदामात राहिलेला जोड दिसतो कोरा करकरीत आणि थोड्याच वापरात तळाचे तुकडे पडायला लागतात. लेबलवर किंवा तळावर घड्याळासारख्या गोलात निर्मितीचा महिना-वर्ष बघा. ते खरवडलेलं असेल तर बूट परत ठेवा.

माझे पैसे शेवटी परत आले, पण विक्रेत्याकडून नाही, ज्या कार्डाने भरले होते त्या बँकेकडून. पाय दुखावला, बूट फाटले, याचा तिथे काही उपयोग झाला नाही. अपघात म्हटलं की विषय तिथेच संपत होता. उपयोग झाला तो प्रयोगशाळेच्या दोन ओळींच्या ईमेलचा आणि जाहिरातीच्या स्क्रीनशॉटचा, ज्यात ‘रायडिंग बूट’ आणि ‘सर्टिफाइड’ हे दोन्ही शब्द एकाच चौकटीत होते. तो स्क्रीनशॉट मी ऑर्डर देतानाच काढून ठेवला होता. नंतर बघितलं तर जाहिरातीतून ‘सर्टिफाइड’ गायब झालेलं होतं.