न्यूयॉर्कला राहावं की मिलवॉकी गाठावं? 1854 सालच्या जर्मन सुतारासाठी

1854 साल धरू. त्या एका वर्षात दोन लाखांहून जास्त जर्मन माणसं अमेरिकेत उतरली. त्यातलाच एक, दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गकडचा फर्निचर करणारा सुतार. तिशीचा, बायको आणि दोन पोरं बरोबर, पेटीत रंधे-पटाश्या, कमरेला थोडी रोकड. गावाकडे स्वतःचं दुकान थाटायचं तर कारागिरांच्या संघाची मान्यता हवी. अमेरिकेत पाटी लावली की दुकान सुरू. मग ती लावायची कुठे, न्यूयॉर्कला की विस्कॉन्सिन राज्यातल्या, मिशिगन सरोवराकाठच्या मिलवॉकीला?

न्यूयॉर्कचा मोह समजण्यासारखा आहे. टॉम्पकिन्स स्क्वेअरच्या आसपासच्या ‘क्लाइनडॉइचलँड’ (छोटी जर्मनी) वस्तीत बेकरी, वर्तमानपत्र, गायनमंडळ, बिअरचा गुत्ता, सगळं जर्मन. इंग्रजीचा एक शब्द न येताही काम मिळतं. अडचणही नेमकी तीच. शहरातले निम्म्याहून जास्त फर्निचर कारागीर जर्मनच, आणि रोज नवं जहाज लागतंय, मग मजुरी वाढणार कशी? स्वस्त मालाच्या धंद्यात तर कामाचे तुकडे पाडलेले: एकानं नुसते खुर्चीचे पाय करायचे, दुसऱ्यानं नुसतं पॉलिश. खोलीतच बिऱ्हाड आणि खोलीतच कारखाना मांडून बसलेला माणूस नावाला मालक असतो. भाव व्यापारीच ठरवतो. विरोध करणंही सोपं नव्हतं. 1850 च्या शिंप्यांच्या संपात पोलिसांशी झालेल्या झटापटीत जर्मन कामगारांचे जीव गेले होते.

एक वाट मात्र खरोखर चांगली होती, पियानोची. जर्मनीतल्या झेजेन गावाहून आलेले हाइनरिश श्टाइनवेग आणि त्यांची मुलं 1850 मध्ये उतरल्यावर आधी दुसऱ्यांच्या कारखान्यांत राबली आणि 1853 मध्ये त्यांनी ‘स्टाइनवे अँड सन्स’ सुरू केलं. हात तितका बारीक असेल, तर त्याची कदर न्यूयॉर्कइतकी दुसरीकडे होणं कठीण. पण श्टाइनवेग गावाकडेही पियानोच बनवत होते, हे विसरून त्यांचं उदाहरण कुणी घेऊ नये.

मिलवॉकीला जायचं तर हडसन नदीतून आल्बनी, तिथून रेल्वेनं बफेलो आणि पुढे सरोवरातली आगबोट. पोरांसह हा प्रवास जिकिरीचा, आणि हिवाळ्यात पाणी गोठलं की जलमार्ग बंद. पण शहर नुकतं उभं राहतंय. दारं, खिडक्या, दुकानांचे गल्ले, शवपेट्या, सगळंच हवंय. छोटासा प्लॉट घेऊन स्वतःचं लाकडी घर बांधणं इथे कारागिराच्या आवाक्यात येतं, मॅनहॅटनमध्ये नाही. शिवाय विस्कॉन्सिनच्या 1848 च्या राज्यघटनेनुसार, नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी पुरुषाला वर्षभराच्या वास्तव्यानंतर मत देता येत होतं. न्यूयॉर्कला त्यासाठी आधी नागरिकत्व, म्हणजे पाच वर्षं थांबणं.

मात्र नाजूक कामाची हौस तिथे भागेलच असं नाही. शिकागोकडून पसरलेल्या नव्या पद्धतीत गिरणीत कापलेल्या बारीक फळ्या खिळ्यांनी ठोकून घराचा सांगाडा उभा करतात. खाचा-कुसवांचे सांधे करायला वर्षानुवर्षं शिकलेल्या माणसाला हे बघवत नसेल, पण गिऱ्हाइकाला घर लवकर हवं असतं.

ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचं नाव अनेकजण घेतील. ओव्हर-द-ऱ्हाइन हा तिथला जर्मन भाग मोठा आहे, पण मिचेल अँड रॅमल्सबर्गसारखे कारखाने फर्निचर वाफेच्या यंत्रांवर काढत होते. तिथे मजुरी मिळेल; स्वतःच्या दुकानाला या मालाशी टक्कर द्यावी लागेल. पुढच्याच वर्षी निवडणुकीच्या वेळी तिथे परदेशी लोकांच्या विरोधकांशी रस्त्यावर मारामाऱ्याही झाल्या.

माझं मत: बायको-पोरं आणि प्रवासापुरते पैसे असतील तर मिलवॉकी. एकटा असेल, पियानोच्या कामाला लायक असेल, तर न्यूयॉर्क. पैसे नसतील तर निवड उरत नाही. न्यूयॉर्कलाच राबून गाठीला जमवायचं. ‘पुढच्या वसंतात निघू’ म्हणत तिथेच राहून जाण्याचा धोका त्यात आहेच.

आणि पुढचं तिकीट धक्क्यावर गोड जर्मन बोलत सामान उचलणाऱ्या दलालाकडून घेऊ नये. कासल गार्डनचं सरकारी उतारकेंद्र ऑगस्ट 1855 मध्ये सुरू झालं; तोवर 1784 पासून चालणाऱ्या, जर्मन स्थलांतरितांना मदत करणाऱ्या जर्मन सोसायटीच्या कचेरीत आधी चौकशी करावी.