हिमालयन 450: कोकणातला एक अख्खा पावसाळा

रॉयल एनफील्डची हिमालयन 450 पाडव्याला घेतली. आता गणपती होऊन गेलेत, म्हणजे उन्हाळा आणि जवळजवळ सगळा पावसाळा या गाडीवर काढून झालाय. रोजचं ऑफिस, सुट्टीच्या दिवशी आसपासचे घाट, आणि आषाढात एक लांबची फेरी: पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव, तिथून मुंबई-गोवा महामार्गाने महाड, चिपळूण, लांजा, कणकवली, सावंतवाडी आणि परतताना आंबोली, आजरा, कोल्हापूर. या फेरीत एकही दिवस कोरडा गेला नाही. कोरड्या रस्त्यावर गाडी कशी पळते ते टेस्ट राईडमध्येही कळतं. मला लिहायचंय ते पावसातल्या वागण्याबद्दल, कारण आपल्याकडे वर्षातले चार महिने पावसाचे आणि गाडी निवडताना मात्र त्यांचा विचार सगळ्यात शेवटी होतो.

माझं मत आधीच सांगते. ओल्या रस्त्यावर गाडीच्या ताकदीला फारसा अर्थ उरत नाही. मनगट जरासं फिरवलं किंवा ब्रेक जरासा दाबला तर गाडी काय करेल, याचा अंदाज आधी लागला पाहिजे. तो अंदाज ही गाडी देते, म्हणून ती मला आवडलीय.

कागदावरचे आकडे सगळीकडे मिळतात, मी फक्त पावसाशी संबंध असलेले घेते. 452 सीसीचं लिक्विड कूल्ड इंजिन, 40 पीएस ताकद 8000 आरपीएमला आणि 40 न्यूटन मीटर टॉर्क 5500 ला. म्हणजे इंजिनला फिरत राहायला आवडतं. घाटात वरच्या गिअरमध्ये रेटत नेण्यापेक्षा एक गिअर खाली ठेवून चालवलं की एक्सलरेटर सोडताच गाडी स्वतःहून हळू होते आणि निम्म्या वळणांवर ब्रेकला हात लावावा लागत नाही. ओल्या उतारावर हे फार मोलाचं आहे. क्लच स्लिप-असिस्ट प्रकारचा असल्यामुळे घाईत गिअर उतरवला तरी मागचं चाक फरफटत नाही. इको आणि परफॉर्मन्स असे दोन मोड आहेत. पावसात मी इकोच ठेवते, त्यात एक्सलरेटरचा प्रतिसाद मवाळ होतो. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक घसरून फिरायला लागलं की ताकद आपोआप कमी करणारी सोय, या गाडीला नाही, त्यामुळे चिखलात मागचं चाक सुटू न देण्याची जबाबदारी आपल्या उजव्या मनगटाची.

आता उंची आणि वजन, कारण बायका आणि कमी उंचीचे पुरुष हाच प्रश्न पहिला विचारतात. माझी उंची 5 फूट 5 इंच. सीट 825 मिलिमीटरवर आहे (845 पर्यंत वर करता येते) आणि गाडी 196 किलोची. दोन्ही तळवे सपाट टेकत नाहीत, चवडे टेकतात. चालू गाडीत वजन जाणवत नाही, प्रश्न येतो थांबताना. पावसात साईडपट्टीवर शेवाळ असतं, खडी असते, डांबराची कड खचलेली असते आणि पाय टेकवायला गेलं की तो सरकतो. म्हणून मी थांबायची जागा दुरूनच हेरते आणि उताराच्या वरच्या बाजूचाच पाय खाली टाकते. ही सवय लागली की उंचीची भीती जाते. लागेपर्यंत मात्र भरलेल्या सामानासकट ही गाडी घाटात नेऊ नका.

निघण्याआधी हवामान खात्याचे इशारे नीट वाचायला शिका, नुसता रंग बघून भागत नाही. 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे जोरदार, 115.6 च्या वर अति जोरदार आणि 204.4 च्या वर गेला की अत्यंत जोरदार. रायगड-रत्नागिरीला ऑरेंज अलर्ट असेल तर मी निघत नाही, रेडला तर विषयच नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. या भागात पाऊस पडतो म्हणजे काय होऊ शकतं, ते त्या दिवसाने दाखवलंय. वाशिष्ठी, जगबुडी आणि सावित्री या तिन्ही नद्या याच महामार्गाला आडव्या येतात. खाडीला भरती असली की वरून आलेलं पाणी उतरत नाही, त्यामुळे भरतीची वेळही बघून ठेवते.

ताम्हिणीत आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी लवकर जा. शनिवार-रविवारी पावसापेक्षा गर्दीचाच धोका जास्त. मुळशीचं धरण मागे पडलं की पाऊस आडवा यायला लागतो. रस्त्याच्या मधोमध डांबर चांगलं घासलेलं असतं, पण झाडीखालच्या वळणांवर कडेला हिरवट थर धरतो. पुढचं चाक 21 इंची आणि अरुंद, 90 चं टायर. साचलेलं पाणी ते कापत जातं, हँडल हलकं पडल्यासारखं वाटत नाही. दोन्ही चाकांच्या सस्पेन्शनला 200 मिलिमीटर ट्रॅव्हल आहे, म्हणजे चाक तेवढं वरखाली होऊ शकतं, त्यामुळे पाण्याखाली दडलेला खड्डा लागला तरी गाडी रेषा सोडत नाही. या गाडीतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच. पावसात खड्डा दिसत नाही, तो लागल्यावरच कळतो. त्या क्षणी सस्पेन्शनने सांभाळून घेतलं नाही तर आपण घाबरून ब्रेक दाबतो आणि पडायचं निमित्त तिथे होतं.

माणगावनंतर महामार्ग. जिथे काँक्रीट झालंय तिथे ओल्यातही पकड चांगली मिळते, कारण त्यावर आडव्या बारीक रेघा मारलेल्या असतात आणि पाणी त्यांतून निघून जातं. त्रास होतो तो काँक्रीट संपून वळणरस्ता (डायव्हर्जन) सुरू होतो तिथे. दोन थरांमधली उभी फट किंवा पायरी तिरकी ओलांडली तर पुढचं चाक त्यात अडकतं. वेग कमी करून शक्य तितकं काटकोनात ओलांडायचं. डंपरने सांडलेली तांबडी माती पावसात साबणासारखी होते, तिच्यावर ब्रेकही नको आणि वळणही नको. पांढरे पट्टे आणि पुलांवरच्या लोखंडी जोडपट्ट्या ओल्यात घसरतात, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.

महाडला सावित्रीचा पूल लागतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री इथला जुना, ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी बसही गेल्या. नवा पूल 2017 च्या जूनमध्ये सुरू झाला. तिथून जाताना मी मनातल्या मनात हात जोडते. वाहत्या पाण्याशी धाडस करायचं नाही, हा माझा नियम त्या घटनेपासूनचा. 230 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स दगडधोंड्यांसाठी आहे, पुरासाठी नाही. राजापूरच्या अलीकडे आतल्या रस्त्याने जाताना एका मोरीवरून गढूळ पाणी वाहत होतं. अलीकडच्या बाजूला एसटी उभी होती. चालकाने खिडकीतून हात बाहेर काढून सांगितलं, "ताई, गाडी बाजूला घ्या. आम्ही थांबलोय म्हणजे थांबायचं." पाणी उतरेपर्यंत सगळे थांबलो. कोकणात एसटी थांबली की आपणही थांबावं, इतका साधा हिशोब आहे.

कशेडीचा बोगदा झाल्यापासून जुना वळणावळणाचा घाट टळतो. पण आत शिरताना एक गोष्ट लक्षात ठेवा. बाहेर मुसळधार आणि आत कोरडं, उबट हवामान, त्यामुळे व्हायझर क्षणात आतून धुरकटतो. समोर नुसते लाल दिवे पसरलेले दिसतात. शिरण्याआधीच व्हायझर बोटभर उघडून ठेवायचा. मी पुढे पिनलॉकची काच (व्हायझरच्या आतून लागणारी, न धुरकटणारी दुसरी काच) बसवून घेतली आणि हा त्रास संपला. पावसाळ्यासाठी एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर यावर करा.

ब्रेकबद्दल सविस्तर लिहायला हवं. पुढे 320 मिलिमीटरची डिस्क, मागे 270 ची, आणि जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारं एबीएस दोन्ही चाकांना. आपल्याकडे 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे, पण पुढच्या एकाच चाकाला दिलं तरी कायदा पुरा होतो. ओल्या रस्त्यावर मागच्या चाकाचं एबीएस किती कामाचं, ते संगमेश्वरच्या पुढे कळलं. बारीक पाऊस, रिकामा रस्ता, साठच्या आसपास वेग आणि गवतातून एक वासरू सरळ समोर. दोन्ही ब्रेक दाबले. उजव्या बोटांखाली लिव्हर टकटक करायला लागला, पायाखालचं पेडलही थरथरलं, आणि गाडी जराही न तिरकी होता सरळ रेषेत हळू होत वासराच्या बऱ्याच अलीकडे थांबली. वासरू तिथेच उभं राहून बघत होतं. मागचं एबीएस या गाडीत बंद करता येतं. ती सोय कच्च्या रस्त्यासाठी आहे, ओल्या डांबरावर कुणी कितीही सांगितलं तरी ते बंद करू नका. आणि लिव्हर टकटकला म्हणून घाबरून हात सैल सोडू नका, दाबून धरा. रिकाम्या मैदानात एकदा मुद्दाम ओल्यात ब्रेक मारून हा थरथराट ओळखीचा करून ठेवा.

लांज्याजवळ मागच्या चाकात खिळा शिरला. मी ट्यूबलेस स्पोक व्हीलचा पर्याय घेतला होता, त्याचं सार्थक तिथे झालं. टपरीवाल्या काकांनी चाक न काढता दोरीचं पंक्चर काढलं, हवा भरली, थुंकी लावून बुडबुडा येतो का ते पाहिलं. चहा संपायच्या आत गाडी तयार. ट्यूब असती तर त्या पावसात चाक खोलून बसावं लागलं असतं. या गाडीला सेंटर स्टँड वेगळा घ्यावा लागतो हेही लक्षात असू द्या.

आंबोली हा या फेरीचा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर भाग. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं ठिकाण, पण तिथे खरी परीक्षा धुक्याची. पायथ्याला दाणोलीत चहा घेताना एक आजोबा म्हणाले, "धुक्यात मोठी लाईट मारू नकात, काय्येक दिसाचा नाय." अगदी तसंच झालं. हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, लो बीमवर निदान डाव्या कडेचा पट्टा तरी दिसतो. त्या पट्ट्याच्या आधारे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, वळणाआधी हॉर्न देत वर गेले. धबधब्यापाशी पर्यटकांच्या गाड्या दोन्ही बाजूंना लागलेल्या असतात आणि माणसं रस्त्यावरच उभी असतात, तिथे अक्षरशः चालण्याच्या वेगाने जायचं. ओळीने थांबत जाताना इंजिनचं तापमान एका जागी राहिलं, गाडीने कुरकुर केली नाही. घाटमाथ्यावर पोहोचल्यावर मात्र अंगात थंडी भरली होती.

थंडीवरून आठवलं, कपडे. रायडिंग जॅकेटच्या आतलं रेन लायनर पावसात उपयोगाचं नाही. अंग कोरडं राहतं, पण बाहेरचं जॅकेट भिजून जड होतं आणि वाऱ्यात गार पडतं. जॅकेटच्या वरून साधा दोन तुकड्यांचा रेनसूट घाला, तोही भडक रंगाचा. माझ्या पहिल्या रेनसूटची शिवण मांडीपाशी उसवली, म्हणून घेताना आतून शिवणीवर टेप आहे का ते बघा. हातमोज्यांच्या आत डॉक्टर वापरतात तसले पातळ नायट्रिल मोजे घातले की बोटं भिजली तरी गारठत नाहीत. सामानाच्या बॅगेवर "वॉटरप्रूफ" लिहिलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका. माझ्या बॅगेत कणकवलीपर्यंत तळाशी पाणी साचलं होतं. कपडे आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत. गाडीच्या गोल स्क्रीनवर नकाशा दिसतो आणि डाव्या हाताच्या जॉयस्टिकने तो हाताळता येतो, त्यामुळे फोन खिशात कोरडा राहतो. पावसात ही मोठी सोय आहे. फक्त त्याने फोनची बॅटरी भराभर उतरते, पॉवर बँक जवळ ठेवा.

टाकी 17 लिटरची आणि माझं सरासरी मायलेज तिसाच्या आसपास, त्यामुळे पेट्रोलपंप शोधत फिरावं लागत नाही. आजऱ्यानंतर पाऊस नरमला आणि मोठ्या हायवेवर शंभरच्या खालीच चालवली. ट्रकच्या मागे उडणाऱ्या तुषारांत थांबू नका. एक तर मागे राहा किंवा नीट दिसत असेल तेव्हा पटकन पुढे निघा.

शेवटचं, देखभाल. पावसात चेनचं वंगण एका दिवसात धुऊन जातं. लॉजवर पोहोचले की आंघोळीच्या आधी गाडीकडे जायचे. आधी साध्या पाण्याने चिखल काढायचा, फडक्याने चेन पुसायची, मागचं चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने ल्यूब मारायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी निघताना मारलं तर सगळं चाकावर उडतं. घरी आल्यावर मेकॅनिककडून ब्रेक पॅड काढून बघितले. लाल मातीने मागचे पॅड पुढच्यापेक्षा जास्त झिजले होते आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिनांवर चिकट थर बसला होता. त्या साफ करून ग्रीस लावल्यावर मागचा ब्रेक पुन्हा मोकळा झाला. कोकणातून आलात की सर्व्हिसची तारीख लांब असली तरी हे एक काम करून घ्या, आणि त्याच वेळी स्टिअरिंगच्या बेअरिंगमध्ये पाणी गेलंय का तेही तपासायला सांगा.