एक टीबीच्या नावाखाली 118 जीबी: जुन्या लॅपटॉपची डिस्क बदलताना माझी झालेली फसवणूक

परवा बसस्टँडवर आमच्याच गावची एक पोरगी भेटली, जीएनएमला शिकते, हातात लॅपटॉपची बॅग. म्हटलं कुठे चालली बाई, तर म्हणे काका हार्डडिस्क फुल झाली, तालुक्याच्या त्या दुकानात एक टीबीची (म्हणजे हजार जीबीची) टाकून देतात म्हणे स्वस्तात. दुकान कोणतं ते समजलं आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण त्याच दुकानात मागच्या मार्चमध्ये माझे 4300 रुपये गेले आणि पैशापेक्षा मोठं जे गेलं ते तर कोणी भरूनच देऊ शकत नाही. तिला तिथूनच परत आणलं, पण प्रत्येकाला काही मी स्टँडवर गाठू शकत नाही, म्हणून लिहून राहिलो. लांब होईल, पण पूर्ण वाचा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो, तीन एकर कोरडवाहू आहे आणि सिझनमध्ये लग्नाचं फोटो-शूटिंग करतो. लॅपटॉप जुना, सेकंड जनरेशनचा आय थ्री, 4 जीबी रॅम आणि 320 जीबीची हार्डडिस्क, जी विंडोजमध्ये 298 दिसते. एका लग्नाचं शूटिंग 60-70 जीबी खाऊन जाते त्यामुळे डिस्क कायम लाल. नवीन लॅपटॉप घ्यायची ऐपत नाही, आणि लॅपटॉप चांगला चालत होता तर घ्यायचा तरी कशाला, नुसती डिस्क मोठी करून घेऊ म्हणून गेलो.

दुकानदार मोठा गोड बोलणारा. लॅपटॉप उलटा केला, मागचं स्टिकर वाचलं आणि म्हणे, "दादा, हे जुनं मॉडेल आहे, याले मोठी डिस्क दिसतच नाही. बायोस अनलॉक करा लागते, त्याचे 800 वेगळे." बायोस म्हणजे लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, कंपनीनेच आत टाकलेला प्रोग्राम. मग हिशेब सांगितला, एक टीबी एसएसडी (फिरणारी नाही, चिपवाली डिस्क) 3400, बायोसचे 800, विंडोज टाकून जुना डेटा कॉपी करायचे 500, आणि जुनी डिस्क त्याला ठेवली तर 400 कमी. झाले 4300. कापसाचा भाव डोक्यात धरला तर अर्ध्या क्विंटलच्या वर कापूस झाला हा. तरी मी हो म्हटलं, कारण मला वाटलं माणूस जाणकार आहे, लॅपटॉपची अडचण न विचारता सांगून राहिला.

ती अडचण खोटी होती हे मला तीन महिन्यांनी भाच्याने सांगितलं, तो अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला मामा, अशी मर्यादा होती, पण ती फार जुन्या लॅपटॉपात, ज्यात 44 पिनांची आयडीई (जोडायची जुनी पद्धत) डिस्क असायची. तेव्हा डिस्कवरच्या जागेचा पत्ता 28 बिटचा होता, म्हणजे साधारण 26 कोटी 84 लाख पत्ते आणि एकेका पत्त्यावर 512 बाइट, गुणाकार केला की 137 जीबी, त्याच्या पुढची जागा दिसायचीच नाही. मग 48 बिटचा पत्ता आला, विंडोज एक्सपीमध्ये तो 2002 च्या सर्व्हिस पॅक 1 पासून चालायला लागला आणि ती अडचण तिथेच संपली. माझ्या लॅपटॉपात सॅटा (आयडीईच्या नंतरची जोडणी) डिस्क आहे, त्यात तर आधीपासून 320 ची चालूच होती म्हणजे 137 ची भिंत कधीचीच ओलांडलेली, हे माझ्या डोक्यात आलं पाहिजे होतं पण तेव्हा कुठे माहीत. पुढची भिंत 2 टीबीला लागते, ती पण डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने पार्टिशन केली, म्हणजे जागेचे भाग पाडले, तर. म्हणजे एक टीबीसाठी बायोसला हात लावायचं काही कामच नव्हतं, आणि त्याने लावलाही नव्हता, भाच्याने पाहिलं तर बायोसची आवृत्ती आणि तारीख कंपनीकडून आली तीच. 800 रुपये निव्वळ तोंडाचे घेतले.

खरं तर जुन्या लॅपटॉपात मोठी डिस्क टाकताना पाहायचं ते वेगळंच, आयडीई आहे की सॅटा, आणि जाडी किती. जुन्या डिस्का बहुतेक 9.5 मिलिमीटरच्या असतात, एसएसडी 7 ची, मधल्या जागेसाठी प्लास्टिकचा स्पेसर टाकतात. माझ्यात याने पुठ्ठ्याची घडी कोंबली होती. तेही चाललं असतं हो, पुठ्ठ्याने काही नुकसान झालं नाही.

नुकसान डिस्कने केलं. संध्याकाळी लॅपटॉप घ्यायला गेलो तेव्हा त्याने माझ्यासमोर उघडून दाखवलं, 931 जीबी. मी विचारलं एक टीबी म्हणाले होते न, तर म्हणे विंडोज तेवढंच दाखवते. आता ही गोष्ट त्याची खरी आहे, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने, त्यामुळे खरी एक टीबी पण 931 च दिसते. माझे सगळे फोल्डर जागच्या जागी, नावासकट. दोन-तीन फोटो उघडून पाहिले, उघडले. जुनी डिस्क त्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून मी घरी आलो, आणि तीच माझ्या आयुष्यातली मोठी चूक.

एप्रिल-मे लग्नाचा सिझन. तीन लग्नं केली, रात्री घरी येऊन कार्ड लॅपटॉपवर कॉपी करायचो, शेवटची एक-दोन क्लिप चालवून पाहायचो, चालली की कार्ड फॉरमॅट, कारण दुसऱ्या दिवशी दुसरीकडे तेच कार्ड लागायचं. जून लागला, पेरणी आटोपली आणि एडिटिंगला बसलो तर एकही क्लिप उघडेना. फाइलचं नाव आहे, साइज बरोबर दाखवते, तारीख बरोबर, पण आत काहीच नाही. आधी वाटलं व्हायरस. मग जुने फोल्डर उघडले, 2019 चे, 2021 चे, त्यातलेही अर्ध्याहून जास्त तसेच.

भाच्याने डिस्क काढून त्याच्या लॅपटॉपला यूएसबी केबलने लावली, जे थोडं वाचत होतं ते उतरवून घेतलं, मग डिस्क पूर्ण रिकामी करून एच टू टेस्ट डब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं. ते डिस्कवर एकेक जीबीच्या फाइली भरत जाते आणि शेवटी त्या परत वाचून पडताळते. आमच्याकडे लाईनचा भरवसा नाही, दोनदा मधातच गेली, म्हणून तो अमरावतीला घेऊन गेला आणि तिथून फोन केला. 118 जीबी ठीक, बाकीचा सगळा डेटा गेलेला. म्हणजे डिस्क होतीच तेवढी. तिच्या आतल्या कंट्रोलरला, म्हणजे डिस्कचा कारभार पाहणाऱ्या चिपला, खोटं बोलायला शिकवलेलं, विचारलं तर सांगते मी एक टीबीची, आणि जागा संपल्यावर जे लिहायला सांगाल त्याला हो म्हणते आणि टाकून देते. एररही देत नाही. फाइलींच्या नावाची यादी डिस्कच्या सुरुवातीच्या भागात बसते, ती खऱ्या जागेत गेली म्हणून नावं सगळी दिसली. आणि आत्ताच कॉपी केलेली क्लिप मी चालवून पाहायचो ती डिस्कवरून नाही तर रॅममधून चालत होती, लॅपटॉप बंद केला की ती पण गेली. मी दर वेळी तपासूनच कार्ड पुसत होतो, बाप्पा, आणि त्याच तपासण्यावर फसत होतो.

कोणी म्हणेल डिस्क उघडून पाहायची. आम्ही उघडली, आत बोटाएवढा बोर्ड निघाला, पण भाचा म्हणाला चांगल्या कंपनीच्या एसएसडीतही बोर्ड लहानच असतो, नुसतं पाहून काही सिद्ध होत नाही. पूर्ण भरून परत वाचणे हाच एक इलाज, आणि तो डिस्क नवी असताना, त्यावर आपलं काही टाकायच्या आधी. रात्रभर लागला तरी लागू द्या.

दुकानात गेलो तर आधी म्हणे, "तुम्हीच पेनड्राइव्हनं व्हायरस घुसवला असन." रिपोर्ट मोबाइलवर दाखवला तर म्हणे आम्हाले वरून असाच माल येते, आम्ही काय फोडून पाहतो का. असेलही, त्याला नागपूरच्या नाहीतर दिल्लीच्या कोण्या होलसेलवाल्याने चुना लावला असेल, ते मी मानतो. पण बायोसचे 800 त्याला कोणी वरून घ्यायला सांगितले नव्हते. मी म्हटलं पैसे राहू दे, माझी जुनी डिस्क दे, 320 ची, त्यात माझं सगळं आहे. "ते तर कधीचीच दुसऱ्या लॅपटॉपात टाकून विकली." कोणाला विकली ते सांगत नाही. फिरणाऱ्या हार्डडिस्कवरून पुसलेलं सुद्धा बरंचसं परत निघू शकते, वरून दुसरं लिहिलं गेलं नसेल तर. आणि त्या डिस्कवर नुसते फोटो नव्हते, पासपोर्ट फोटो काढायला येणाऱ्या गावातल्या लोकांच्या आधारच्या प्रती होत्या, त्या आता कोणाच्या घरात आहेत देव जाणे. याची मला अजून रात्री झोप लागत नाही.

1915 वर फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलतात. त्यांनी बिल विचारलं. माझ्याकडे होती पॅडच्या कागदावर पेनाने लिहिलेली चिठ्ठी, त्यावर ना जीएसटी नंबर ना डिस्कचा सिरियल नंबर, आणि यूपीआयने दिलेले पैसे गेले होते दुकानाच्या नाही तर कोणाच्या तरी घरगुती नंबरवर. तरी तक्रार टाकली. जिल्हा ग्राहक आयोगात पण जाता येते, पाच लाखापर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत करावी लागते, ते कागद आता जमवून राहिलो. तुम्ही डिस्क घेतली तर पक्कं बिल आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्याच, दुकानदार कितीही तोंड वाकडं करो. आणि जुनी डिस्क 400 रुपयासाठी सोडू नका हो. चारशेत काय येते आजकाल.

तीन लग्नवाल्यांचे ॲडव्हान्स परत केले, दोन घरांनी समजून घेतलं, एका घरी मुलीच्या आईला सांगताना माझाच आवाज निघेना.

त्याच जुन्या डिस्कवर आमच्या गावातल्या तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होतं, दोन तासांचं, चांगला माइक लावून केलेलं. गावातले एक म्हातारे बुवा खंजिरीवर भजन म्हणायचे, पंचक्रोशीत तसा हात कोणाचा नव्हता, ते त्यानंतरच्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या नातवाने मागितलं तेव्हा मी म्हटलं होतं निवांत देतो, कुठे जाते. आता गावभर विचारत फिरलो तर एका पोराच्या जुन्या मोबाइलमध्ये 11 मिनिटं सापडली, मागून पंख्याचा आवाज आहे आणि मधात कोणीतरी चहा विचारते. तेवढी काढून घेतली आणि एक प्रत त्याच दिवशी नातवाच्या हातात दिली.