आयआरआर न्यूज: विखुरलेल्या बातम्या एकत्र वाचायला देणारी वृत्तसेवा

युरोपातील स्थलांतरित कामगार, वंशद्वेष आणि अतिउजवे राजकारण यांविषयी सातत्याने वाचू इच्छिणाऱ्यांना मी लंडनच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ रेस रिलेशन्स' (आयआरआर) या संस्थेची विनामूल्य वृत्तसेवा आवर्जून सुचवेन, त्यातही दर पंधरवड्याला निघणारे 'कॅलेंडर ऑफ रेसिझम अँड रेझिस्टन्स'. ब्रिटन आणि युरोपातील वृत्तपत्रांतून वेचलेल्या घटना त्यात आश्रय, पोलीस, अतिउजवे गट, वांशिक हल्ले अशा विषयांनुसार, थोडक्यात आणि मूळ बातमीच्या दुव्यासह नोंदवलेल्या असतात.

ही मांडणी कोरडी वाटते, पण तिचे मोल तिथेच आहे. एरवी शेतमजुराचा अपघात, निवडणुकीचा निकाल आणि दंगल यांच्या बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात आणि त्यांतला संबंध हरवतो. जून 2024 मध्ये इटलीतील लातिना परिसरात यंत्रात हात तुटलेल्या एका पंजाबी शेतमजुराला रुग्णालयात नेण्याऐवजी त्याच्या घराबाहेर सोडून देण्यात आले आणि पुढे तो दगावला. मुकादमांकरवी होणाऱ्या पिळवणुकीविरुद्ध, म्हणजे 'कापोरालातो'विरुद्ध, तिथे 2016 चा कायदा आहे. पण ज्याच्याकडे कागदपत्रेच नाहीत, त्या मजुराला तक्रारीपेक्षा हद्दपारीचे भय मोठे असते. जुलै 2025 मध्ये स्पेनमधील तोरे पाचेको या, मोरोक्कन मजुरांच्या कष्टांवर शेती चालणाऱ्या गावात अतिउजव्या टोळ्या स्थलांतरितांवर हल्ले करण्यासाठी रस्त्यावर उतरल्या. या दोन बातम्या लागोपाठ वाचल्या, की ज्यांच्या श्रमांवाचून मळे चालत नाहीत त्यांनाच उपरे ठरवण्याचे राजकारण स्पष्ट दिसू लागते.

अशा नोंदी ठेवणे किती निकडीचे आहे, हे जर्मनीने दाखवून दिले आहे. 2000 ते 2006 या काळात तिथे तुर्की आणि ग्रीक वंशाच्या नऊ जणांचे खून झाले; पोलिसांनी मृतांच्या कुटुंबीयांवर आणि ओळखीच्यांवरच संशय घेतला, वृत्तपत्रांनी 'डोनर-खून' (डोनर म्हणजे तुर्की कबाब) असा हीन शब्द रूढ केला, आणि मारेकरी नवनाझी होते हे 2011 मध्ये उघड झाले.

संस्था 1958 ची असली, तरी तिची आजची दृष्टी 1972 मध्ये कर्मचाऱ्यांनी व्यवस्थापनाविरुद्ध केलेल्या अंतर्गत उठावातून आली. सिलोनमधील (आजच्या श्रीलंकेतील) दंगलींनंतर लंडनला आलेले ए. सिवानंदन पुढे चार दशके तिचे संचालक होते. 'आम्ही इथे आहोत, कारण तुम्ही तिथे होता,' हे वसाहतींतून ब्रिटनला आलेल्यांच्या वतीने ब्रिटिशांना उद्देशून असलेले त्यांचे वाक्य या वृत्तसेवेच्या प्रत्येक अंकामागे जाणवते.

उणिवाही आहेत. ब्रिटनच्या तुलनेत पूर्व युरोप फारच थोडा येतो, आणि दुवे अनेकदा इटालियन, स्पॅनिश वा जर्मन मजकुराकडे नेतात. मला अधिक खटकते ते हे, की रोजगाराविषयीच्या नोंदी सर्वांत त्रोटक असतात: मजुराचा मृत्यू नोंदवला जातो, पण त्याची मजुरी किती होती, तो राहत कुठे होता, संघटनेने त्याच्यासाठी काय केले, हे कळत नाही. त्यासाठी मूळ बातमी उघडावीच लागते, आणि मी ती दर वेळी उघडतो.