ठसा, कणीक, कापूस की नाचणी? दोन वर्षांच्या मुलासोबत नाताळची तयारी

घरात दीड-दोन वर्षांचं मूल असलं आणि नाताळसाठी त्याच्या हातून काही करून घ्यायचं म्हटलं की तीन गोष्टी हमखास सुचवल्या जातात: हाताच्या ठशांचं झाड, मिठाच्या कणकेचे तारे आणि कापसाच्या दाढीचा सांता. आमच्या वसईकडे चौथीही आहे, नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, नाचणी पेरायची. तिला कलाकुसर कोणी म्हणत नाही. मी म्हणते.

कापसाचा सांता आधीच बाजूला काढते, कारण तो आईच करते. मुलाच्या बोटांना डिंक, डिंकाला कापूस, आणि कागद कोरडाच. त्यात ते हलणारे प्लास्टिकचे डोळे. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं, ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये. डोळे स्केचपेनने काढा.

ठशांचं झाड दीड वर्षाच्या मुलालाही जमतं. तळहाताला धुतला जाणारा हिरवा रंग, बोटं खालच्या दिशेने, खाली तीन ठसे, वर दोन, शेंड्याला एक. पाच मिनिटांत झाड तयार, नंतर वीस मिनिटं मोरीत. काही मुलांना हात चिकट झालेला अजिबात खपत नाही, रडून घर डोक्यावर घेतात. त्यांना भेंडी द्या. देठाचा तुकडा आडवा कापला की देठ हाताला मूठ होतो आणि कापलेल्या बाजूने पाच टोकांची चांदणी उमटते.

कणकेत मुलं सर्वांत जास्त रमतात. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाणी बेताबेताने, वाटीभराच्या आतच. ती मळतील, थापतील, झाकणाने कापतील. दोऱ्याचं भोक ओलं असतानाच स्ट्रॉने पाडून घ्या. ओव्हन 120 अंशांवर ठेवून दोन-तीन तास, नाहीतर उन्हात चार-पाच दिवस. मधे उलटले नाहीत तर कडा वर वळतात. अडचण मिठाची. माझ्या लेकीने पहिला तारा चाटला, तोंड वाकडं केलं आणि दुसराही चाटला. चाटण्यावर भागलं म्हणून हसले. गोळाच पोटात गेला तर एवढं मीठ लहान मुलाला खरंच बाधतं. तुमचं मूल अजून सगळं तोंडात घालत असेल तर पोळीची साधी कणीक द्या, तारे टिकले नाहीत तरी चालेल. तसेही आमच्या दमट हवेत मिठाचे तारे पावसाळ्यात मऊ पडतात.

माझा कौल नाचणीला. रात्रभर भिजवायची, करवंटीत माती भरायची, मुलाने मुठीने भुरभुरवायची आणि रोज चमच्याने पाणी घालायचं. मुलं पाणी जास्तच घालतात, म्हणून करवंटीला खाली भोक हवंच. ठशाचं कौतुक संध्याकाळपर्यंत टिकतं. इथे लेक रोज उठल्या उठल्या खिडकीशी जाऊन हिरव्या कोंबांवरून तळहात फिरवायची. चोवीसच्या रात्री तीच करवंटी गोठ्यात गाईपुढे शेत म्हणून ठेवली. गोव्यातही गोठ्यासाठी असं पेरतात.

फक्त ती आजच्या आज होत नाही. डिसेंबरच्या बारा-तेरा तारखेपर्यंत पेरली तर नाताळपर्यंत छान दिसते. उशीर झालाच तर गहू टाका, तो आठवड्याभरात बोटभर वर येतो. आणि तेवीस उजाडली असेल तर फ्रिजमधली भेंडी काढा.